हिरव्या शटरमागे काय असते

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान काचांना फिल्म लावतात. साबणाचे पाणी फवारायचे, फिल्म पसरायची, रबरी पट्टीने पाणी आणि बुडबुडे कडेला ढकलायचे, ब्लेडने कडा छाटायच्या. माणूस मितभाषी. त्यांच्या कामात एखादा बुडबुडा राहिला असता तर तो मी नक्कीच दाखवून दिला असता, कारण दोष काढण्यात माझा हात कोणी धरणार नाही. परंतु तशी संधी त्यांनी मला आजवर दिलेली नाही.

त्यांची मुलगी तान्ही असताना गॅलरीतल्या कोवळ्या उन्हाने तिचा चेहरा भाजल्यासारखा सुजला. पुढे गालांवर तपकिरी ठिपके उमटू लागले. निदानाला जो विलंब झाला त्याविषयी लिहायला बसलो तर कागद पुरणार नाही. एका तज्ज्ञाने ॲलर्जी म्हटले, दुसऱ्याने आईच्या आहाराला दोष दिला, आणि ज्याने अखेर खरे निदान केले त्याने ‘उजेडापासून जपा’ एवढेच बोलून पुढच्या रुग्णासाठी घंटी वाजवली. उजेडातले नेमके काय बाधते, हे सांगण्याची तसदी त्यानेही घेतली नाही. बाकीचे मी ग्रंथालयात बसून वाचले.

प्रत्येक पेशीत डीएनएचा दुपेडी धागा असतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्यातले शेजारशेजारचे दुवे एकमेकांना चिकटतात आणि धाग्याला जणू गाठ बसते. तुमच्या-माझ्या कातडीत हे रोज घडते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. कारण पेशीतली प्रथिने ती गाठ हुडकतात, तेवढा तुकडा कापून काढतात आणि समोरचा पेड पाहून रिकामी जागा भरतात. माझ्या भाचीच्या पेशींत या कामातले एक प्रथिन नीट तयारच होत नाही. गाठी साचतात, धाग्याची नक्कल होताना चुका होतात, आणि चूक भलत्या जागी पडली की पेशी बेबंद वाढू लागते. कर्करोग म्हणतात तो हाच. आपल्याला बहुधा उतारवयात गाठणारा हा रोग तिला शाळकरी वयातच गाठू शकतो.

हा दोष आई-वडिलांकडून येतो, हे माझ्याकडून ऐकल्यावर मेव्हणे बराच वेळ पट्टीचे रबर पुसत बसले.

“म्हणजे माझ्याकडून आलं हे.”

“त्या प्रथिनाच्या जनुकाची एक बिघडलेली प्रत तुमच्याकडून, एक आमच्याकडून. तुम्हां दोघांची दुसरी प्रत चांगली होती, म्हणून तुम्ही ठणठणीत राहिलात. यात दोष कुणाचा नाही.”

“तरी आलं ते आलंच ना, दादा.”

त्यानंतर त्यांनी मुलीच्या खोलीत अंधार केला. फिल्म जितकी काळी तितके ऊन कमी, हा त्यांच्या गिऱ्हाइकांचा समज हळूहळू त्यांचाही झाला होता. मोटारींसाठी आणलेली सर्वांत काळी फिल्म त्यांनी खिडकीवर चढवली. भाची दिव्याखाली वाचायला शिकली. अंधार पडल्यावर वडील तिला रस्त्यावर फिरवून आणीत. तोवर दुकाने मिटलेली असत, त्यामुळे ती तिला शटरांच्या रंगांवरूनच ठाऊक होती. हिरव्या शटरमागे छत्र्या असतात, असे तिचे ठाम मत होते.

“मामा, तुम्ही दिवसाढवळ्या कसे येता? आम्ही घुबडं झोपलेली असतो.”

“घुबडं पाहुण्याला चहा विचारतात.”

“घुबडांना गॅस पेटवायची परवानगी नाही. तुम्हीच करा. आणि अर्धा कप मला.”

ठिपके मात्र वाढत राहिले. रुग्णालयात नव्याने रुजू झालेल्या एका तरुण डॉक्टरबाईंच्या लक्षात आले की ते डाव्या गालावर दाट आहेत.

“झोपते तेव्हा डावी बाजू कुठे असते?”

“खिडकीकडे,” बहीण म्हणाली. “पण ती तर काळी आहे.”

बाई किरण मोजण्याचे यंत्र घेऊन स्वतः घरी आल्या. बड्या तज्ज्ञांना हे का सुचले नाही, हा प्रश्न मी आजही विचारतो. यंत्र काळ्या काचेपाशी धरताच आकडा चढला.

“हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “रंगानं उजेड अडतो. किरण अडवणारा थर वेगळा असतो. तुमच्या फिल्ममध्ये तो नसेल, किंवा जुना होऊन विरला असेल. आणि नुसता दिसणारा उजेड तर हिला बाधतही नाही.”

मेव्हणे स्टुलावर चढले आणि माळ्यावरून एक गुंडाळी काढून खाली उतरले. पाण्यासारखी स्वच्छ फिल्म. तिचा तुकडा त्यांनी एका साध्या काचेवर बसवला, काच गॅलरीत उन्हासमोर धरली, मागे यंत्र ठेवले. आकडा शून्यावर आला.

“कापडाच्या दुकानांना लावतो मी ही,” ते म्हणाले. “शोकेसमधल्या कपड्यांचे रंग उडू नयेत म्हणून.” मग कोणाकडेही न पाहता पुढे म्हणाले, “कपडे जपत होतो मी.”

बहिणीने त्यांच्या हातातली काच अलगद काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी भाचीला आतल्या खोलीत बसवून त्यांनी काळी फिल्म खरवडली. स्वच्छ फिल्म लावताना ज्या कडेवरून पट्टी एकदा फिरवायची तिच्यावरून पुन्हा पुन्हा फिरवली. बाईंनी ठेवून दिलेले यंत्र प्रत्येक कोपऱ्यात धरले, मग मला धरायला लावले, मग बहिणीला.

“बोलवा तिला आता,” बहीण म्हणाली.

भाची उंबऱ्यापाशीच थबकली. खोलीभर ऊन होते. तिने आधी आपल्या हाताकडे पाहिले, मग वडिलांकडे. ते खिडकीला पाठ करून, तिच्यात आणि काचेत उभे होते.

“बाबा, दिसत नाहीये. बाजूला व्हा ना.”

ते एक फरशी सरकले. ती काचेला नाक लावून समोरची दुकाने पाहू लागली.

“हिरवं शटर उघडंय. अय्या, किल्ल्या! नुसत्या किल्ल्याच टांगल्यात हो, मामा.”

“आणि छत्र्या?”

“छत्र्या आतल्या बाजूला असतील.” ती सहजी हार मानणारी नव्हे. मग तिने जरा मान वळवली. “बाबा, आणि हात?”

त्यांचा पंजा अजून तिचा डावा गाल आणि काच यांच्यामध्ये आडवा धरलेला होता. त्यांनी तो सावकाश खाली घेतला.