पाच किलोची जोडी

तराजूताई,

हे पत्र तुलाच आहे, पण यात तुझा उल्लेख मी 'ती' असाच करणार. 'तू' म्हटलं की तू मला मनातल्या मनातसुद्धा मधेच तोडतेस, आणि मला एकदा सलग सांगायचंय. मीही यात आहे, तिसऱ्या मजल्यावरची म्हणून. तिला फार जागा देणार नाही.

तर ती. एकतीस वर्षं पार्सल ऑफिसच्या खिडकीत उभी राहिलेली. पुडकं हातात घेतलं की काट्यावर ठेवायच्या आधीच वजन सांगायची, आणि काटा तिच्यामागून येऊन तेच सांगायचा. फरक पडलाच तर वीस-तीस ग्रॅमचा, आणि मग ती काट्याकडे संशयाने बघायची. ऑफिसने तिला तराजूताई म्हणायला सुरुवात केली, ते निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. निवृत्तीला दोन वर्षं होताहेत न होताहेत तोच नवऱ्याची डावी बाजू गेली. नवरा बस चालवायचा, आडव्या हाडाचा, आणि आजारपणातही तसूभर उतरला नाही. "एकोणऐंशी," पहिल्यांदा त्याला कुशीवर वळवताना ती म्हणाली. दवाखान्यात मोजलं तर एकोणऐंशीच.

घर दोन खोल्यांचं, दुसऱ्या मजल्यावर. आतल्या खोलीत पलंग, पलंगाला खेटून चाकाची खुर्ची, खुर्चीला खेटून कपाट. कपाट उघडायचं तर खुर्ची बाहेरच्या खोलीत ढकलायची. सकाळी आठला मदतनीस यायचा, नवऱ्याला पलंगावरून खुर्चीत घ्यायचा, आंघोळ घालायचा, पुन्हा निजवायचा. संध्याकाळी पाचला पुन्हा तेच. मधले सगळे तास नवरा पलंगावर आणि ती त्याच्या हाकेच्या टप्प्यात. गॅलरीत कपडे वाळत घालतानाही एक कान आत. पाच ते सहा मात्र तिचे. त्या तासात ती कोपऱ्यावरच्या वाचनालयात उभ्याउभ्या वर्तमानपत्र वाचायची, दोन चौक चालायची आणि काहीही विकत न घेता परत यायची. तेवढ्यावर तिचा पुढचा दिवस निघायचा.

मग मुलीचा फोन आला. मुलगी परगावी, हुशार, कामसू, आणि थेट आईवर गेलेली. म्हणजे दुसऱ्याचं ऐकून घेणं ठाऊक नाही.

"आई, मी तीन आठवड्यांनी येतेय. दुपारी बाबांना काही झालं तर तू एकटी त्यांना हलवूसुद्धा शकत नाहीस. तुला जमतंय असं मला दिसलं, तर राहा तिथे. नाहीतर घराला कुलूप आणि दोघंही माझ्याकडे."

"तुझ्याकडे कुठे ठेवशील आम्हांला?"

"हॉलमध्ये पडदा लावू ना."

पडदा! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर स्वतःच्या घराची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये बाळगलेली बाई. तिला फार काही नको होतं. हे घर हवं होतं आणि पाच ते सहाचा तो तास.

मदतनीस म्हणाला, "मावशी, उचलायची रीत मी शिकवतो, पण हातांत बळ तुमचं तुम्हांलाच आणावं लागेल. डंबेल घ्या. घरच्या घरी करा."

दुसऱ्या दिवशी पाचला ती तिसऱ्या मजल्यावरचीला ओढत खेळाच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेली. ही तिसऱ्या मजल्यावरची म्हणजे कॉलेजात शिकवून निवृत्त झालेली, गुडघ्यांनी कुरकुरणारी, पण मत द्यायला सदैव तयार. दुकानातल्या मुलीने दोघींकडे एकदा बघितलं आणि थेट गुलाबी जोडी काढली.

"काकू, तुमच्यासाठी हीच छान. एक-एक किलो. वरून रबर आहे, हातातून निसटत नाही."

तिने एक उजव्या हातात तोललं, दुसरं डाव्या. मग हात बदलले. "हे भरत नाही."

"काकू, कंपनीचं आहे!"

"असेना. चाळीस ग्रॅम कमी."

लोखंडी चकत्या तिथे किलोवर विकायचे, म्हणून गल्ल्यापाशी काटा होता. मुलीने हसत हसत ते गुलाबी प्रकरण त्यावर ठेवलं. नऊशे साठ. हसू जागच्या जागी थांबलं.

"दोनची घे," तिसऱ्या मजल्यावरची म्हणाली. "डोक्याच्या वर न्यायची असतात ती. एकदम उडी नको."

"मी वीस-वीस किलोची खोकी उचललीत."

"तेव्हा तू चाळिशीत होतीस."

"आणि तू तेव्हाही अशीच होतीस."

इथे तिची चूक झाली, आणि ती पार्सलवालीलाच शोभणारी चूक होती. तिने पाच किलोची जोडी जमिनीवर ठेवली, गुडघ्यांत वाकली, छातीशी धरून उचलली आणि गल्ल्यावर ठेवली. सहज. जन्मभर तिने ओझं जमिनीवरून खिडकीच्या फळीपर्यंतच आणलं होतं. फळीच्या वर हात न्यायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. "हीच," ती म्हणाली. पावतीवर शिक्का बसला: पंचेचाळीस दिवसांत बदलून मिळेल.

घरी तिने एक वर नेलं. कोपरापर्यंत आलं, खांद्यापर्यंत आलं, आणि तिथे अडलं. खाली आलं ते कपाटाच्या दाराला पोचा पाडूनच.

नवरा पलंगावरून बघत होता. आजाराने त्याची जीभ जड झाली होती, खोडी मात्र शाबूत होती. "परत... पाठव," तो म्हणाला. "पत्ता... चुकलाय."

"गप्प पडा."

बदलायला जावं तर तिसऱ्या मजल्यावरचीचं 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' ऐकावं लागणार. ते तिच्या जिवावर आलं. मग तिने जे येत होतं तेच केलं. जमिनीवरून पलंगाच्या कडेवर, कडेवरून जमिनीवर. सकाळी चाळीस वेळा, दुपारी चाळीस. मदतनीसाने बघितलं तेव्हा आधी त्याला हसू फुटलं, मग तो गंभीर झाला. "मावशी, माणूसही असाच उचलतात. जवळ धरायचा, गुडघ्यांत वाकायचं, काकांच्या उजव्या पायाचं बळ घ्यायचं आणि वळायचं." पहिल्या आठवड्यात त्याने दोन्ही हात लावले, दुसऱ्यात एक. तिसऱ्यात तो नुसता भिंतीला टेकून उभा राहिला.

मुलगी आली. चपलाही न काढता म्हणाली, "दाखव."

तिने नवऱ्याच्या काखेखालून हात घातले. एक, दोन, तीन. नवरा खुर्चीत.

"नाजूक वस्तू," तो म्हणाला. "हळू... ठेवत जा."

मुलीला रडूच आलं. मग तिने डोळे पुसले आणि नेहमीसारखी कामाला लागली. "आई, कमाल आहेस! मी उगाच जीव टांगणीला लावून बसले होते. मग आता त्या माणसाची तरी काय गरज?"

"अगं, तो..."

"परका माणूस रोज दोनदा घरात. मला कधीच आवडलं नव्हतं ते. तूच लावून दे म्हणाली होतीस म्हणून मी लावला. बाबांनाही तुझाच हात बरा वाटतो. हो ना बाबा?"

नवऱ्याने मान हलवली. त्याला खरंच बरं वाटत होतं, त्यात त्याचा काय दोष!

मला पाच ते सहा हवेत, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण आजारी नवरा समोर, कौतुकाने फुललेली मुलगी समोर, आणि आपण कशासाठी भांडणार, तर वाचनालयातलं वर्तमानपत्र? ते तिला इतकं क्षुल्लक वाटलं की ती चक्क गप्प बसली. कुणालाही मधे न तोडता गप्प बसण्याची ती तिची पहिलीच वेळ. मुलीने निघताना दारातूनच मदतनीसाला फोन करून 'उद्यापासून नको' म्हणून सांगितलं.

घर राहिलं. किल्लीही पर्समध्ये राहिली, पण पर्स खुंटीवरून निघेना. भाजी दाराशी येऊ लागली, औषधं दाराशी, आणि ती दाराच्या आत. दिवसातून सहा वेळा एकोणऐंशी किलो. पाचला अंगाला सवयीने उठावंसं वाटायचं. ती उठायची, आणि बाहेरच्या खोलीत येऊन उभी राहायची. दोन आठवड्यांत उजवा खांदा धरला. केस विंचरायला हात वर जाईना.

तिसऱ्या मजल्यावरची जिन्यात भेटली तेव्हा ती आपल्या घराचं दार अर्धवट उघडं ठेवून, एक पाय उंबऱ्याच्या आत ठेवून बोलली.

"दोनचीच हवीत गं. तू म्हणालीस ते." हे तोंडातून काढताना तिला काय कष्ट पडले असतील! "खांद्यासाठी. पावतीचे आठ दिवस राहिलेत."

"दे इकडे, मी आणते बदलून."

"तू नको. तुझ्या हातात कुणीही नऊशे साठचं किलो म्हणून ठेवेल. मी तोलून घेईन. तू फक्त बुधवारी पाचला ये आणि तासभर ह्यांच्यापाशी बस."

"बसते की. त्यात काय एवढं!"

"नक्की?"

"अगं, नक्की म्हणजे नक्की."

बुधवारी पाचला तिसऱ्या मजल्यावरची घरीच होती. आजारी नव्हती, पाहुणे नव्हते. तासाभरात तो भला दांडगा माणूस पलंगावरून घसरला तर आपल्याच्याने उचलला जायचा नाही, एवढी भीती, आणि ती भीती कबूल करायची लाज. फोन दोनदा वाजला, तो तिने वाजू दिला. खालच्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज आला. लागल्याचा आला तो सहा वाजून गेल्यावर; मधल्या वेळात जिन्यात पाऊल वाजलं नाही. गुरुवारीही ती खाली उतरली नाही, आणि पावतीची मुदत संपेपर्यंत कुठल्याच दिवशी उतरली नाही.