डोळे आखणारीचं पोट

शेटनं ब्रश उलटा धरला आणि दांडा माझ्या बायकोच्या पोटाला टोचला. सगळ्यांसमोर. बाजारात म्हशीला टोचून बघतात तसा.

"हे काय गो? सिझनच्या तोंडावर?"

पेणचा गणपतीचा कारखाना. मी साच्यात माती दाबायचो, ती मूर्तींचे डोळे आखायची. तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. तिला चौथा महिना होता. शेट माझ्याकडे वळला.

"तुला कळत नाय रे? रोह्याच्या दवाखान्यात ने हिला. सकाळी जायचं, दुपारी परत. आता कायदा झालाय, कोण विचारत नाय."

सगळे हसले. मीपण हसलो.

ते हसू अजून माझ्या तोंडात आहे. कितीदा थुंकलो, जात नाही.

तिला पोर हवं होतं. घरी आल्यावर तिनं साफ सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेटलाही जाऊन म्हणाली, "मला जमिनीवर वाकून बसायला जमत नाय, येवढंच हाय. एक उंच स्टूल द्या, मूर्ती टेबलावर ठेवा. शेवटच्या मूर्तीपर्यंत आखीन."

शेट म्हणाला, "तुझ्या एकीच्या पोटासाठी मी कारखाना बदलू? त्यापरीस पोट रिकामं कर."

मी तिथंच उभा होतो. हातात माती. काम जाईल ह्या भीतीनं तोंड उघडलं नाही. उलट घरी जाऊन तिलाच समजावलं. पुढच्या सालात बघू, म्हटलं. आणि सोमवारी तिला एस्टीत बसवलं.

रोह्याची डॉक्टरीण बाई चांगली होती, खोटं कशाला लिहू. तिनं विचारलं, "ताई, हा तुमचा हक्क आहे. कुणाची जबरदस्ती नाही ना?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. उत्तर मी दिलं. "नाय नाय, तिचीच मर्जी हाय."

तिचं तोंड मी वापरलं. तिच्याच समोर.

येताना एस्टी नागोठण्याला थांबली. लोक वडे खायला उतरले. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हक्क माझा म्हणाली ती डॉक्टरीण. मग मला सोडून सगळ्यांची सोय कशी झाली?"

तिसऱ्या दिवशी ती कामावर बसली. जमिनीवर, वाकून. समोर रंगवलेल्या मूर्तींची रांग, डोळे कोरे. तिनं ब्रश रंगात बुडवला. हात काही उचलला नाही. दुपारपर्यंत एक डोळा नाही. शेट ओरडत आला.

ती उठून उभी राहिली.

"शेट, ह्या गणपतीची गोष्ट ठावं हाय ना? आईनं अंगाच्या मळातनं पोर केलं. तिला न विचारता नवऱ्यानं मुंडकं उडवलं. नि आता सगळे हात जोडतात. ह्याला निदान हत्तीचं डोकं तरी लावलं. माझ्या पोराला काय लावताय?"

ब्रश पाण्यात टाकला आणि निघाली.

शेट मला म्हणाला, "बायको बिघडली तुझी. समजाव, नायतर दुसरी कर."

मी साचा खाली ठेवला. "नाय," म्हणालो. एवढंच. पण ज्याच्यासाठी म्हणायचं, ते पोर सोमवारीच गेलं होतं.

आम्ही मिठागरावर कामाला गेलो. तिला पुन्हा दिवस गेले नाहीत. डोळे तिनं पुन्हा आखले नाहीत. मी फणसाच्या लाकडाचं उंच स्टूल केलं. ती त्यावर कधी बसली नाही. पाण्याची कळशी ठेवायची त्याच्यावर.

एकदा गावात बायकांची मीटिंग झाली. ही उठून रोह्याचं सगळं बोलली, ह्या हक्कानं बाईचं भलं झालं नाही म्हणाली. शहरातली एक शिकलेली बाई म्हणाली, "तुम्ही बायकांना मागे नेताय."

ही म्हणाली, "कारखाना हाय तसा, नवरा हाय तसा, फक्त बाईचं पोट कापायचं. ह्याला पुढं जाणं म्हणता व्हय? माझ्यावर शेटनं जोर केला, नवऱ्यानं केला. तोच जोर माझ्याहून दुबळ्यावर निघाला. ते तर पोटातच होतं, त्याला कोण विचारतंय? असला हक्क मला नको. मला बसायला स्टूल हवं होतं."

मी मागं बसलो होतो. मान खाली.

ह्या शिमग्याच्या आधी ती वारली. कळशी अजून स्टुलावरच होती.

काल शेजारचा जावई आला. त्याची बायको नागोठण्याकडं एका कंपनीत कंत्राटावर आहे, पॅकिंगला. अख्खी शिफ्ट उभ्यानं, नि आता तिला दिवस गेलेत. सुपरवायझर तिला म्हणाला, काय ते उरकून घे, नायतर गेटपास बंद. जावई मला म्हणाला, "आजोबा, तुमाला रोह्याचा दवाखाना म्हायती हाय ना?"

हा मीच बोलत होतो. तोच आवाज. ह्या कामासाठी गावाला माझी आठवण होते.

मी त्याला सोडून दाराकडं वळलो. त्याची बायको, शेजारची पोरगी, तिथं उभी होती, तिला विचारलं, "तुला काय हवंय गो?"

ती दचकली. घरात तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. म्हणाली, "पोर. नि कामपण."

आज कळशी खाली काढली. स्टूल पुसलं. उद्या तिच्या शिफ्टला मी बरोबर जाणार, स्टूल खांद्यावर घेऊन. सुपरवायझरला सांगणार, हिला बसायला आणलंय. पोट हाय तसं राहील. बदलायचं ते तुमी बदला.

गेट उघडलं नाही तर त्याच स्टुलावर गेटासमोर बसणार. लोक हसतील. हसू देत. मी हसणार नाही, आणि उठणारही नाही.