आईच्या ताटलीतला गरम पाव

बहिणीने पाठवलेलं ब्रेड मशीन रविवारी पहिल्यांदा लावलं. पाणी, तेल, मीठ, साखर, कणीक आणि यीस्ट त्यात घातलं, बटण दाबलं आणि मी पेपर वाचत बसलो. आई मात्र झाकणाच्या काचेतून आत बघत उभी राहिली. आत पीठ आपोआप मळलं जात होतं.

"मधे हात नाही ना लावावा लागत?" तिने विचारलं.

"नाही. तू बस."

ती बसली, पण तिला बसणं जमेना. सारखी उठून ओटा पुसून यायची.

संध्याकाळी पाव झाला आणि घरभर खरपूस वास पसरला. मी जाडसर काप केले, लोणी लावलं आणि पहिला काप आईला दिला. सवयीने तिने ताटली बाबांपुढे सरकवली.

"त्यांनाही देतोय. हा तुझा."

ती खाऊ लागली आणि मी तिच्याकडे बघत राहिलो. आमच्या घरात गरम पोळी तव्यावरून थेट आमच्या पानात पडायची. आई जेवायला बसेपर्यंत तवासुद्धा निवलेला असायचा. यात कुणाचा जुलूम नव्हता. घरातल्यांना गरम वाढायचं तर कुणीतरी उभं राहायला हवं, आणि ती उभी राहिली. आज तिच्या जागी ओट्यावर एक यंत्र उभं होतं.

"कसा झालाय?" बाबांनी विचारलं.

"गरम आहे," आई म्हणाली, आणि बसल्या जागेवरूनच तिने रिकामी ताटली माझ्यापुढे धरली.