धाकटीच्या फ्रॉकची कड

२९ फेब्रुवारी २००४ रोजी रविवार होता. कोणतेही जुने कॅलेंडर त्याची खात्री देईल. गल्लीत जिला सगळे शिवणवाल्या वहिनी म्हणत, ती त्या दिवशी नवरा आणि तीन मुलांसह भाड्याच्या गाडीने समुद्राकडे निघाली. प्रवास दोन दिवसांचा. गर्दीत पोरे चुकू नयेत म्हणून तिने तिघांचे कपडे पडद्याच्या एकाच पिवळ्या कापडातून बेतले होते.

"घरचे पडदेच फिरायला निघाले," स्टिअरिंगवर बसलेला नवरा म्हणाला.

"तुम्हालाही शिवणार होते. कापड पुरलं नाही."

हसू ओसरते न ओसरते तोच थोरला आणि मधली खिडकीवरून हातघाईवर आले. घाटात मधलीला ओकारी झाली, ते पाहून धाकटीने भोकाड पसरले. घाट उतरल्यावर मात्र पाचही जण घसा फुटेस्तोवर गात होते.

धाकटीच्या फ्रॉकची कड तेवढी राहिली होती. निघण्याच्या गडबडीत वहिनीने पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके घालून वेळ मारून नेली होती. पक्की तुरपाई मुक्कामी करायची. पिवळे रीळ घरी मशीनवरच राहिले, हे तिला वाटेत आठवले.

दुपारी महामार्गावरच्या एका उपाहारगृहापाशी गाडी थांबली. थोरला बापाबरोबर चहाच्या खिडकीकडे गेला. वहिनी दोघी मुलींना घेऊन नळावर गेली. मधलीचा बरबटलेला फ्रॉक धुण्यासाठी तिने धाकटीचे बोट सोडले. वर पाहते तो धाकटी नाही.

उभ्या बसगाड्यांच्या मधून, मुदपाकखान्याच्या मागून, कचऱ्याच्या डब्यांजवळून ती हाका मारत धावली. पिवळे काही दिसले की तिकडे वळे: कधी पिशवी, कधी डबा. अखेर ती धापा टाकत नवऱ्यापाशी पोचली.

"धाकटी तुमच्याकडे आहे ना?"

"माझ्याकडे? अगं, तुझ्याच मांडीवर होती. गाडीत बसून तिच्या फ्रॉकला टाके घालत होतीस की आत्ता. मी हाक मारली, तू मान हलवलीस."

"मी? मी केव्हाची पोर शोधतेय!"

"वेडी का खुळी तू?" असे म्हणता म्हणताच त्याचा चेहरा उतरला.

गाडीला कुलूप होते, किल्ली त्याच्या खिशात. मागच्या सीटवर धाकटी फ्रॉक पसरून पुतळ्यासारखी बसली होती. दार उघडताच वहिनीने तिला छातीशी धरले आणि मग कड उलटून पाहिली. पांढरे टाके उसवलेले. त्या जागी पिवळ्या दोऱ्याची पक्की तुरपाई. वहिनी डावखुरी, टाके तिच्यासारखेच उलट्या बाजूला कललेले. शेवटची गाठही ती लपवते तशीच, बाजूच्या शिवणीत.

"हे कुणी शिवलं गं, राणी?"

"तूच की. हलू नकोस, सुई टोचेल म्हणालीस." धाकटीने तिचे हात चाचपले आणि जराशी मागे सरकली. "आई, तुझे हात आता गरम कसे झाले?"

समुद्र दिसला. थोरला आणि मधली लाटांत मनसोक्त डुंबली. धाकटी मात्र बापाला चिकटून राहिली; आईने घास पुढे केला की आधी तिच्या बोटांना हात लावून बघे, मगच तोंड उघडी. वहिनी त्या रात्री पांघरुणात तोंड खुपसून रडली.

परतल्यावर पाहिले, तर घरी रीळ मशीनवरच होते. निघताना त्यावर किती दोरा होता, हे तिने पाहिले नव्हते. त्यामुळे तो कमी झाला की नाही, ते ठरवता येत नाही. कुलपाबाबतही, मागचे दार नक्की लावले होते अशी शपथ घ्यायला नवरा तयार नाही. फ्रॉक कपाटात आहे. वहिनी कोणाचीही कड आता मशीनवरच मारते. धाकटी लग्न होऊन परगावी गेली. माहेरी आली की उंबऱ्यातच आईचे हात हातात घेते. वहिनी ते पुढे करते आणि ती आत येईपर्यंत मागे घेत नाही.

ते टाके कोणी घातले, हे अज्ञात आहे. हाकेला मान हलवणारी ती बाई गाडीतून केव्हा उतरली, किंवा उतरली की नाही, हेही अज्ञात आहे.