नांदुऱ्याच्या मारुतीच्या सावलीत

घरी येऊन मुलगी बघण्याचे कार्यक्रम आता बंद, असं मी सांगितलं तेव्हा आईने माझ्याशी धड बोलणं टाकलं. मी तेव्हा देऊळघाटच्या एका शाळेत शिकवत होते. आम्ही राहायचो बुलढाण्यात, बाबा कोर्टात बाबू. अधूनमधून कोणीतरी यायचं, आमच्या बैठकीत बसायचं, माझ्या हातचे म्हणून आईच्या हातचे पोहे खायचं आणि जायचं.

"आता बस झालं," मी म्हणाले. "मले कोनाले भेटायचं असंल तर मी बाहेर भेटीन."

बाबांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "मंग नांदुऱ्याले भेटा. नवीन स्थळ आलं आहे, पोरगा अकोल्याचा आहे, ते रेल्वेनं येतील, आपन एस्टीनं जाऊ. मारुतीपाशी भेटू. दर्शनाले गेलो होतो म्हनता येईल."

ऑक्टोबरचा रविवार होता. बुलढाण्याचा गारवा घाटात संपला आणि खाली उतरल्यावर हवा अंगाला चिकटायला लागली. दोन्ही बाजूंना कापूस नुकता फुटत होता. मला झोप येत होती आणि झोपेतच मी मनाला बजावत होते, की काही झालं तरी साडीचा पदर चाळत बसायचं नाही.

तो मारुती मी लहानपणापासून बसच्या खिडकीतून बघत आलेली. पांढराशुभ्र, हातात गदा, हायवेच्या कडेला उभा. पण त्याच्या पायाशी कधी उतरले नव्हते. जवळ गेलं की तो देव राहत नाही, नुसती उंचीच होऊन जाते. आधी नुसती पावलं दिसतात. मान मागे टाकत गेलं की गुडघे, कंबर, गदा आणि मग एकदम आभाळ लागतं. आभाळात कुठंतरी चेहरा.

अकोल्याचे लोक आधीच आले होते. तो आणि त्याची मोठी बहीण, दोघंच. तो बँकेत होता, फोटोत दिसायचा त्यापेक्षा सावळा आणि बराच लाजरा. नमस्कार-चमत्कार झाले. त्याच्या ताई आईला म्हणाल्या, "चला, आपन नारळ फोडून येऊ. यायले बोलू द्या." बाबाही त्यांच्यामागे गेले.

आम्ही दोघं मूर्तीच्या सावलीत उभे राहिलो. बोलायचं काय, ते कळेना. समोर हायवेवरून ट्रक जात होते, कांद्याचे, सिमेंटचे, आणि प्रत्येक जण देवाला नमस्कार केल्यासारखा हॉर्न वाजवून जायचा. सावली सरकत होती. आम्ही तिच्याबरोबर एक एक पाऊल सरकत होतो. ते दोघांच्याही लक्षात येत होतं आणि दोघंही ते लक्षात आल्याचं दाखवत नव्हतो.

मी वर बघितलं. मारुतीच्या डोक्यामागून पांढरे ढग चालले होते. बघता बघता ढग थांबले आणि मारुतीच चालायला लागला. तो पुढे झुकला, आमच्यावरून पलीकडे जाणार, असं वाटलं. मी नकळत एक पाऊल मागे घेतलं.

"तुम्हालेही तसंच दिसलं का?" त्याने वर बघतच विचारलं.

"काय?"

"तो चालून राह्यला तसं."

"हो," मी म्हणाले.

मग आम्ही दोघं कितीतरी वेळ नुसतं वर बघत राहिलो. मान दुखायला लागली. इतक्या मुलांशी बोलले होते, पगार, बदली, आवडता रंग, पण कोणाशेजारी अशी गप्प उभी राहिले नव्हते. मला वाटलं, हा आहे तसा बरा आहे.

तेवढ्यात त्याने माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं. बाजूने एक लांबलचक ट्रेलर गेला, आणि मला शेवटचे शब्द तेवढे ऐकू आले, "...घरी सांगून देऊ का?"

मी मान खाली घालून म्हणाले, "हो."

त्याचा चेहरा जरा उतरल्यासारखा वाटला. मी त्याला लाज समजले.

घरी मी कोणाला काही बोलले नाही. पण स्वयंपाक करता करता हसू येत होतं, आणि आईच्या ते लक्षात आलं होतं. त्याच आठवड्यात अकोल्याहून फोन आला. बाबा फोन ठेवून माझ्यासमोर येऊन बसले.

"काऊन व, तुले पसंत नव्हता तर आम्हाले सांगायचं होतं. त्या पोराले काऊन सांगतलं?"

"मी तर हो म्हनलं, बाबा."

"ते म्हनतात, पोरगी नाही म्हनली."

मी खोलीत गेले, बायोडाटावरचा नंबर काढला आणि त्याला फोन लावला.

"तुम्ही मले काय विचारलं होतं?" मी विचारलं.

"तुमच्या मनात नसंल तर मीच तसं घरी सांगून देऊ का, असं. म्हनजे तुम्हाले तुमच्या घरी काही सांगा लागनार नाही. मी वळलो तर तुम्ही मागं सरकल्या होत्या, मले वाटलं..."

"मी मारुतीले भिऊन सरकली होती."

मग तो हसला, हळू, थांबून थांबून, जणू त्याला हसायची परवानगी हवी होती.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा नांदुऱ्याला गेलो, या वेळी मोठ्यांशिवाय. मूर्ती धुण्याचं काम चाललं होतं. दोरावर लटकलेला एक माणूस मारुतीच्या खांद्याशी पाइप धरून होता, चिमणीएवढा दिसत होता. वरून सोडलेलं पाणी खाली येईपर्यंत वाऱ्यावर विरून जायचं, आणि पायाशी उभ्या असलेल्या माणसांवर नुसता शिडकावा पडायचा. बायका तोंड वर करून उभ्या होत्या. आम्हीही त्यांच्यात जाऊन उभे राहिलो. त्या दिवशी त्याने मला काही विचारलं नाही. चहाच्या टपरीवर त्याने दोन चहा सांगितले, माझ्यात साखर कमी, हे मात्र मला विचारून.

लग्न थंडीत झालं, बुलढाण्यालाच. आई अजून पाहुण्यांना सांगते, माझ्या लेकीचं बोलणं देवासमोर ठरलं. तिला कोणी दुरुस्त करत नाही.