मनोहर परमनंट झाला तेव्हा

ट्रंक कॉल हेडक्लार्कच्या टेबलावर आला. "हॅलो, हॅलो" असं दोनदा ओरडून झाल्यावर हेडक्लार्कसाहेब रिसीव्हर हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. आमच्या खात्याची बास्केटबॉलची टीम अकोल्याला स्पर्धेसाठी गेली होती. दुसऱ्या हाफमध्ये मनोहर कोर्टवरच कोसळला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं... "असा कसा गेला, चोवीस वर्षांचा पोरगा!" म्हणत अख्खं ऑफिस उभं राहिलं. मी तेवढा बसून होतो. मला आश्चर्य वाटलं नव्हतं, आणि त्याचीच लाज वाटत होती.

मनोहर पारशिवनीकडचा. सव्वासहा फूट उंच. सीताबर्डी पालथी घातली तरी त्याच्या पायाचा बूट मिळत नसे, दुकानदार हात जोडत. खात्यानं त्याला खेळाडू म्हणून घेतला होता. दोन वर्षं टेम्पररी, खेळ चांगला राहिला तर परमनंट, नाहीतर रामराम. अशा पोरांचा ऑफिसातला शिरस्ता ठरलेला : सकाळी मस्टरवर सही ठोकायची की चालले ग्राउंडवर. आम्ही त्यांना खात्याचे जावई म्हणायचो. हा जावई मात्र पहिल्याच आठवड्यात, प्रॅक्टिस आटोपून घामानं निथळत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "भाऊ, मले फाइलचं काम शिकवा ना."

"काहून? तुले कोणी सांगितलं?" मी वैतागून म्हणालो.

"बॉल किती दिस खेळन मी? काम आलं पाह्यजे ना."

शिकवलं बाप्पा. पोरगा हुशार होता, मला कबूल करावंच लागलं. मग तोही मला मॅचला ओढून न्यायला लागला. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तो रिंगखाली उभा राहिला की समोरची टीम अर्धी तिथेच हरते एवढं कळायचं. ज्याला धक्का दिला त्यालाच वाकून विचारायचा, "लागलं तं नाही ना गा?" कोच चिडायचे. म्हणायचे, हा मॅच खेळून राहिला की पाहुणचार करून राहिला?

दुसऱ्या वर्षी एका दुपारी रेकॉर्डरूमचा जिना चढून तो मटकन खाली बसला. ओठ निळे पडले होते. मीच त्याला धंतोलीतल्या डॉक्टरांकडे नेलं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात हृदयाची झडप खराब झाली होती. डॉक्टर म्हणाले, धावणं बंद, आजपासून. बाहेर फुटपाथवर त्यानं माझा हात धरला. "कोणाले सांगू नका, भाऊ. खेळ सोडला तं नोकरी गेली. बाप नाही मले. माय हाय, शालूची शाळा हाय. सात महिन्यानं परमनंट झालो का सोडतो, मायची शप्पथ." खेळणं सोडता यावं म्हणून त्याला खेळावं लागणार होतं... मी हो म्हणालो. ते सात महिने प्रत्येक मॅचला जीव मुठीत धरून बसलो.

शेवटी ऑर्डर आली. गंगेत घोडं न्हालं! मी पेढे वाटले. आणि दुसऱ्या दिवशी तीन वाजता पाहतो तर हा गडी खाली बसून बुटाच्या नाड्या बांधतोय.

"आता काहून रे, बेट्या?" माझा आवाज चढला.

"आतापर्यंत नोकरीसाठी खेळून राहिलो होतो, भाऊ. एक सीझन माह्यासाठी खेळू द्या."

आता लपवायचं काही कारण उरलं नव्हतं. मी उठून कोचकडे जाऊ शकत होतो. पण त्या संध्याकाळी तो हसत हसत खेळला. दोन वर्षांत त्याला कोर्टवर हसताना मी पाहिलं नव्हतं. मी गेलो नाही. कडेला बसून टाळ्या वाजवत राहिलो.

पंधरा दिवसांनी त्याची माय आणि बहीण शालू सामान न्यायला ऑफिसात आल्या. सामान कसलं, एक टॉवेल आणि डबा. त्याचे गुडघे टेबलाखाली मावत नसत म्हणून शिपायानं चार पायांखाली चार विटा ठेवल्या होत्या. माय बराच वेळ त्या विटांकडे पाहत होती. मग मला म्हणाली, "पोराले काही तरास होता का, बापू? तुले बोलला का कधी?"

"नाही, माय," मी म्हणालो.

"मंग बरं," ती म्हणाली. "सुखानं गेला म्हणायचा."

ते टेबल अजून तसंच आहे. नवा माणूस आला, त्याची खुर्ची खुजी पडते, तरी विटा काढा असं कोणी म्हणत नाही. मीही नाही. त्या दिवशी जाताना शालू सांगत होती की रविवारची पुरवणी ती मायला वाचून दाखवते, मायला ऐकायला आवडतं. म्हणून इथे लिहितोय. तोंडानं सांगायची हिंमत नाही माझ्यात.

शालू, मायले वाचून दाखव. मी खोटं बोललो. मले मालूम होतं.