केतकीचा ताबा आणि आम्ही तिघं

वकिलीत किस्से पोत्याने साठतात हो, पण माझे सांगण्यासारखे सगळे एकाच केसचे! नव्वदच्या आसपासची गोष्ट. डोंबिवलीच्या उज्ज्वलाची वकील मी. तिच्या ठाण्याच्या नवऱ्याचे, सतीशचे वकील पाटील. भांडण सात वर्षांच्या केतकीवरून. ती आईकडे, आणि बाबांकडे एक रात्रसुद्धा पाठवणार नाही, हा आईचा हट्ट. या ओढाताणीत पोरगी बोलायचीच बंद झाली, तेव्हा जज्जसाहेबांनी आम्हाला मंगलाताईंकडे धाडलं. त्या डोंबिवलीत, राहत्या घरीच, समुपदेशन करायच्या.

ताईंचा पहिला नियम, वकिलांनी काळे कोट दाराबाहेर काढून ठेवायचे. पाटलांनी बरेच आढेवेढे घेतले. शेवटी काढला, तर शर्ट पाठीवर टराटरा उसवलेला! भिंतीला पाठ लावून सरकत सरकत ते आत आले. केतकी खुदकन हसली आणि म्हणाली, "काका, तुमचा शर्ट फाटलाय." कित्येक आठवड्यांनी ती बोलली होती. पाटलांनी नंतर तो शर्ट बायकोला शिवूच दिला नाही.

दुसरा नियम, आईबाबांनी समोरासमोर बसून फक्त लेकीबद्दल बोलायचं, एकमेकांबद्दल चकार शब्द नाही. झालं, दोघं मुके! न राहवून मी 'माझ्या अशिलाचं म्हणणं' सुरू केलं, तर ताईंनी मला थेट स्वयंपाकघरात चहा टाकायला पिटाळलं. मागोमाग पाटील आले, आलं किसायला. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी मिळून केलेला तो चहा ताईंनी एक घोट घेऊन मोरीत ओतला. पण तेवढ्यात बाहेर सतीश विचारत होता, केतकी अजून दिवा लावूनच झोपते का. आणि उज्ज्वला उत्तर देत होती! पाटलांनी आणि मी आतल्या आत टाळी दिली.

मग मे महिन्याची सुट्टी आली. पोरीला आठ दिवस बाबांकडे पाठवायचं, एवढाच मुद्दा उरलेला. कोर्टाच्या पायरीवर उज्ज्वला अडली. म्हणे, ह्याला साधी वेणी घालता येत नाही, माझी पोर तिथे झिपऱ्या घेऊन फिरेल. मी कपाळावर हात मारला आणि आत गेले. पुकारा झाला, तर दोघंही गायब, केतकीही नाही! पाटील आणि मी शोधत धावलो.

तिघं कँटीनमध्ये. केतकी स्टुलावर ऐटीत बसलेली. मागे सतीश, दातांत रिबीन धरून, घामाघूम. शेजारी उज्ज्वला त्याला पेड कसे धरायचे ते दाखवतेय.

मी म्हटलं, अगं, पुकारा झाला, चल लवकर.

ती वर न बघता म्हणाली, "मॅडम, जज्जसाहेबांना जरा थांबायला सांगा. त्याची दुसरी वेणी राहिलीय."